कोठ्यावरची माती

शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे हे ऐकलं की कुस्त्यांचं विचारतात, आणि इथं कुस्त्या होत नाहीत हे सांगून सांगून माझी जीभ थकली. आखाडा म्हणजे राहायचं घर, त्याला चिकटून जनावरांचा कोठा, कडबा-भुसा ठेवायची लांब खोली, पुढं खळं, बाजूला विहीर आणि या सगळ्याला वळसा घालणारी दगडाची भिंत. आमचा आखाडा शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावरून आत, ओढा ओलांडला की चढावर आहे. सासऱ्यांच्या आजोबांनी तो बांधला. त्यांनी आधी कोठा बांधला आणि मग घर. असं उलटं का, म्हणून कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले म्हणे, माणूस झाडाखाली राहतो, बैलाला छप्पर लागतं. मी इतकी वर्षं बैल सांभाळले. बैलाला झाडाखाली काही अडचण नसते. पण मोठ्या माणसानं एकदा बोललं की ते घराण्याचं शहाणपण होतं, आणि पुढच्या सुनांनी ते सारवत बसायचं.

माझं माहेर मुदखेडचं. वडील रेल्वेत होते, राहायला स्लॅबचं क्वार्टर. गळलं तर अर्ज करायचा आणि वाट बघायची, एवढंच मला घराबद्दल ठाऊक होतं. लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्या बोलण्याला सगळे हसायचे. मी "काय करून राहिले" म्हणायची, इथं "काय करलालेत" म्हणतात. सासू, त्यांना आम्ही अव्वा म्हणायचो, मुद्दाम माझ्यासारखं बोलून दाखवायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. वाईट नव्हत्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी माझ्या हातात टोपलं दिलं आणि शिडी दाखवली.

कारण आखाड्यावर सगळीकडं माळवद. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंती खाली काळ्या दगडाच्या, वर मातीच्या, इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस मांडी घालून बसतो. आत सागवानी खांब, खांबांवर तुळया. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. पूर्वी सोयरीक जुळवताना किती खणांचं घर आहे ते विचारत. आमचं घर सहा खणांचं आणि कोठा बारा खणांचा, म्हणजे सोयरीक खरं तर बैलांची व्हायला हवी होती. तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर तुराट्या आणि तरवडाचा पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती शेतातली नसते. जुन्या गढीची, जिथं पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली आणि गेली त्या जागेची माती. पाणी पडलं की ती घट्ट बसते आणि थेंब खाली जाऊ देत नाही. निदान पहिली काही वर्षं तरी.

माळवदाला नावं ठेवायची म्हणून मी ठेवत नाही. वैशाखात बाहेर डोळे उघडवत नाहीत तेव्हा कोठ्यात पाऊल टाकलं की कपाळ निवतं. भिंतीत बांधलेल्या बळदात ज्वारीला कीड लागायची नाही. दार एवढं मोठं की जुंपलेली गाडी सरळ आत यावी, आणि गव्हाणी एका ओळीत, दगडाच्या, बैलांच्या माना घासून घासून गुळगुळीत झालेल्या. बांधणाऱ्याला अक्कल होती. पुढं जे झालं त्यात त्याचा दोष नाही.

दरसाल मिरगाच्या आधी गढीवरून पांढरी आणायची आणि वर टाकायची. घरातल्या प्रत्येकानं आपल्या हातानं टोपलं टाकायचं. नव्या सुनेचं पहिलं टोपलं मानाचं, त्याला हळदकुंकू लावायचं. मूल झालं की त्याच्या नावानं एक टोपलं जास्त. शेजारच्या आखाड्यांवर वर्षा-दोन वर्षांनी वरची मेलेली माती खरवडून खाली घेत आणि मगच नवी टाकत. आमच्यात तसं नव्हतं. वरची माती खाली घेणं म्हणजे घर उतरवणं, असं माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, त्यांच्या वडलांनी सांगितलेलं, आणि त्यांना त्यांच्या वडलांनी. त्यात आजा-पणजाचं, सुना-लेकरांचं टोपलं होतं, ते कोण आणि कसं काढणार? त्यामुळं आमच्या घरात एकच औषध होतं. गळलं की माती. जास्त गळलं की जास्त माती. घर धरून ठेवायच्या नादात आम्ही त्याच्या डोक्यावर ओझं चढवत गेलो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं असंही नाही. पण बोलायचं कुणी?

मी आले त्याच्या थोडं आधी या भागात भूकंप झाला होता. त्याविषयी इथं अजूनही कुणी चढ्या आवाजात बोलत नाही. जड माळवदं झोपेतल्या माणसांवर बसली. त्यानंतर गावोगाव लोकांनी माती उतरवली आणि पत्रे टाकले. आमचा आखाडा मात्र उभा राहिला. एका कोपऱ्याला चीर गेली तेवढीच. मग काय, आप्पांच्या हातात जन्मभराचं सर्टिफिकेट आलं. कुणी पत्र्याचं नाव काढलं की ते म्हणायचे, "भूकंपात न्हाई पडलं, आता काय पडतंय." या वाक्यापुढं आमच्या घरात कुणाचं काही चाललं नाही.

वर्षं गेली. गढी लोकांनी पोखरून सपाट केली, माती ट्रॉलीनं लांबून यायला लागली. मजूर मिळेनात. मुलगा पुण्याला गेला, त्याच्या वाटचं टोपलंही मीच टाकू लागले. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, स्वभावानं गरीब माणूस. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "बघू की." त्यांनी बघू की म्हणलं की समजायचं, ते काम आता माझं. शिडी चढताना गुडघे वाजायला लागले. टोपलं डोक्यावर घेतलं की मानेतून कळ थेट बोटांपर्यंत जायची. डॉक्टरनं विचारलं, जड उचलता का. मी म्हणलं, घर उचलते. तो हसला. मला हसू आलं नाही.

अव्वा गेल्या आणि आप्पांनी आपली बाज घरातून उचलून कोठ्यात नेली. बैलजोडी, एक गाय आणि आप्पा. घरात या म्हणून मी चारदा सांगितलं. "हितं बरं वाटतंय," एवढंच म्हणाले. सकाळी विभूती लावून लिंगपूजा करायची, मग बाजेवर बसून बैलांकडं बघायचं. जेवण मी तिथंच नेऊन द्यायची. बोलणं कमी होत गेलं. नको असलेली गोष्ट आली की तेवढं बोलायचे.

एका सकाळी मी गाईची धार काढत बसले होते. वर करकर झालं आणि माझ्या मानेवर, पाठीवर माती पडली. दुधातही पडली. वर पाहिलं तर मधली तुळई पोटात वाकलेली, खाटेची नवार सैल झाल्यावर वाकते तशी. आप्पांची बाज तिच्याच खाली. मी भांडं घेऊन तशीच बाहेर आले आणि मालकांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी वर पाहिलं, टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "बघू की."

मिस्त्रीला बोलावलं. तो शिडीवर चढून आला आणि त्यानं साधी गोष्ट सांगितली. माती आधी उतरवा, मग तुळईला टेकू द्या, मग पत्रे टाका. पावसाच्या आधी. ओली झाली की ही माती दुप्पट जड होईल. आप्पा बाजेवर बसून ऐकत होते. मिस्त्री गेल्यावर त्यांनी मालकांना सांगितलं, "ट्रॉली सांगितली का न्हाई औंदा? गळलालंय ते." म्हणजे वरून अजून माती. मालकांनी ट्रॉली सांगितलीसुद्धा. बापाला नाही म्हणायचं त्यांच्या रक्तात नाही, आणि खळ्यात पांढरीचा ढीग येऊन पडला.

मी त्या ढिगाकडं बघत उभी राहिले. मला इतका कंटाळा आला होता की राग यायलाही वेळ लागला. आपल्याला हे टोपलं भरायचं आहे, शिडी चढायची आहे, एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर माती घालायची आहे, आणि तो खाली झोपणार आहे. आणि हे सगळं मानाचं म्हणून. मी टोपलं पालथं घातलं आणि घरात आले.

आप्पांशी बोलून पाहिलं. भूकंपाचं वाक्य आलं. मुलाला फोन लावून दिला. नातू म्हणाला, आप्पा, सरळ स्लॅब टाकू. आप्पांनी फोन कानापासून लांब धरला आणि मला परत दिला. गावातले दोन म्हातारे येऊन सांगून गेले. त्यांना आप्पांनी चहा पाजला आणि बाजेवरच बसवलं. ते वर बघत बघत चहा प्यायले आणि लवकर उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुरीचं सूप उचललं, एक वाकळ काखेत मारली आणि कोठ्यात गेले. वाकलेल्या तुळईखाली, आप्पांच्या बाजेपासून चार हातांवर वाकळ अंथरली आणि तूर निवडत बसले. सून सासऱ्यासमोर अशी अंथरूण टाकून बसत नाही. आमच्यात तर अजून डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. आप्पांनी मान फिरवली.

"हितं काय करलालीस?"

"तूर निवडलाले. घरात गरम होतंय."

"घरात जा माय. हितं नगं बसू."

"का? तुमी बसता की."

संध्याकाळी मी भाकरी केली, त्यांना वाढली आणि माझं ताटही तिथंच घेऊन बसले. ऊस पाहायला जाणारे लोक वाटेनं जात होते, ते दाराशी थबकून आत बघू लागले. आप्पा बाजेवरून उतरले आणि दाराच्या बाजूला पाठ करून उभे राहिले, जणू मला झाकत होते.

"लोक बघलालेत."

"बघू द्या. म्हणतील सून येडी झाली."

"तुज्या मालकाला बोलीव."

मालक आले, दारातच उभे राहिले. मी त्यांनाही सांगून टाकलं. माती उतरेपर्यंत मी इथंच राहणार. आप्पा बाहेर गेले तरी इथंच. त्यांची बाज आज झाडाखाली गेली तर उद्या परत आत येणार, हे मला ठाऊक आहे. मालकांच्या तोंडात बघू की आलं असावं, पण माझ्याकडं बघून त्यांनी ते गिळलं.

आप्पा कितीतरी वेळ उभे होते. वर तुळईकडं पाहायचे, मग माझ्या वाकळेकडं. मला वाटलं, आता ओरडतील. अव्वा असताना ते ओरडायचे, कोठ्यातले बैल दचकायचे. पण ओरडले नाहीत. मालकांना म्हणाले, "काढा म्हणावं. उद्याच काढा." आणि आपली बाज स्वतःच ओढत बाहेर चिंचेखाली नेली. मी सूप उचललं. मी जिंकले होते आणि मला उभं राहायचीही ताकद नव्हती.

सकाळी माणसं आली. जनावरं खळ्यात बांधली. मी घाबरले होते की खोरं मारताना आप्पा येऊन हात धरतील, पण ते चिंचेखालून हलले नाहीत. माती निघत गेली. एका बाजूनं सरळ कापली तेव्हा कडेला थर दिसले, काही पांढरे, काही राखाडी, मधेच कोळसा, बांगड्यांचे तुकडे, खापऱ्या. मांडीपर्यंत खोल होती. मिस्त्री म्हणाला, एवढी माती पेलून हे लाकूड उभं कसं राहिलं तेच नवल. त्यातली माझी कुठली आणि अव्वांची कुठली, हे ओळखायचा मी प्रयत्न केला नाही. सगळी सारखीच होती. भिंतीबाहेर तिचा ढीग झाला, आणि ट्रॉलीनं आलेली नवी मातीही आम्ही त्यातच ढकलून दिली.

तुळई मोकळी झाली तरी ती वाकलेलीच राहिली. मला उगाच वाटत होतं की ओझं गेल्यावर ती थोडी वर येईल. मिस्त्रीनं तिला टेकू लावला आणि खालच्या अंगावर हात फिरवला. मग खिळ्यानं खरवडलं. शेणमातीचा पापुद्रा निघून आला आणि आत बोट जाईल एवढी चीर दिसली, हातभर लांब.

"हे कुणी लिंपलंय," तो म्हणाला. "एकदा न्हाई. थरावर थर हायत."

मी लिंपलेलं नव्हतं. मालकांनी तर नाहीच. बाजेवर उभं राहिलं तर हात पोचतो, अशा उंचीवर होतं ते. मी मिस्त्रीला काही बोलले नाही. मालक पत्रे आणायला लातूरला गेले होते, त्यांनाही नंतर सांगितलं नाही.

पत्रे चढले. कोठा आतून उजळ झाला आणि परका दिसायला लागला. माणसं आपापली अवजारं घेऊन गेली. दिवस कलत होता. आप्पा चिंचेखाली बसलेले. मी त्यांना पाणी नेऊन दिलं आणि तिथंच उभी राहिले.

"आप्पा, तुमाला ठावं होतं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. कशाचं, असं विचारलं नाही.

"लई दिस झाले," ते म्हणाले.

"मग वरून माती कशाला टाकायला लावत होता?"

त्यांनी खळ्यातल्या बैलांकडं तोंड केलं. मग हळूहळू बोलले, एवढं सलग मी त्यांना अव्वा गेल्यापासून बोलताना ऐकलं नव्हतं. "तुजी सासू गेली. काम हुईना. सकाळ झाली की बसायचं, रात झाली की पडायचं. तू भाकरी आनतीस, ती खायाची. आपल्यात जाळत न्हाईत, मातीच देतेत. वरची पडली काय आन् खांदून दिली काय. म्हनलं, चीर कुनाला दिसू दिऊ नये, निजल्या जागी हून जाईल. कुनाला तरास न्हाई."

इतकी वर्षं मी त्याला हट्ट समजत होते. घराण्याचा हट्ट, पुरुषाचा हट्ट, म्हाताऱ्याचा हट्ट. मनातल्या मनात मी त्यांना काय काय बोलले होते ते मलाच ठाऊक. तो हट्ट नव्हताच. माणूस थकला होता आणि छत पडायची वाट बघत होता, आणि रोज दोन वेळा ताट घेऊन जाणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं. आधी मला राग आला, मोठा.

"तरास न्हाई म्हणता. सकाळी त्या तुळईखाली धारंला कोण बसतंय, आप्पा?"

विभूतीची बोटं पुसट झालेलं कपाळ त्यांनी हातानं झाकलं.

"ते ध्यानातच आलं न्हवतं माय," ते म्हणाले. "तू वाकळ टाकलीस तवा आलं."

माझा राग तिथंच बसला. त्यांच्या बाजेजवळ मी जमिनीवर बसले, पाय पसरून, पदराचंही भान राहिलं नाही. आम्ही दोघं एकाच दिशेला बघत होतो. कधी कुणाला, मालकांना, आईला, डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं, ते माझ्या तोंडातून निघालं.

"मीबी लई थकले, आप्पा."

"ठावं हाय," ते म्हणाले.